रागमाला चित्रे : आधी पाहू द्या, मग रंगवू द्या

महोदय,

सुट्टी लागली की गावोगावी मुलांची कला शिबिरे भरतात आणि वारली, मधुबनी यांच्या जोडीला अलीकडे त्यांत लघुचित्रेही दिसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र लघुचित्र म्हणून मुलांच्या हाती बहुधा पडतो तो बाह्यरेषांचा झेरॉक्स कागद आणि रंगीत खडूंची पेटी. तासाभरात कागद रंगवून होतो, पालक त्याचा फोटो काढतात आणि मूळ चित्र पाहायचे राहूनच जाते. रागमाला म्हणजे राग-रागिणींना व्यक्तींच्या रूपात दाखवणाऱ्या लघुचित्रांचा संच. या चित्रांच्या बाबतीत हे विशेष खटकते, कारण चित्र, काव्य आणि संगीत या तिन्ही कला तेथे वीतभर कागदावर एकत्र आलेल्या असतात आणि खडू फिरवण्याच्या घाईत त्यांतल्या दोन हातच्या जातात.

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या दरम्यान राजस्थान, माळवा, दख्खन आणि हिमालयाच्या पायथ्याची पहाडी राज्ये येथे रागमालेचे संच मोठ्या प्रमाणावर रंगविले गेले. सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिणी म्हणजे भार्या, अशी छत्तीस पानांची मांडणी सर्वाधिक रूढ होती. पहाडी चित्रकारांनी प्रत्येक रागाला आठ पुत्र देऊन हा आकडा चौऱ्याऐंशीवर नेला. (हा गोतावळा मुलांना भारी आवडतो, मोठ्यांनाच तो लक्षात ठेवणे जड जाते.) मेवाडमधील चावंड येथे १६०५ मध्ये निसारदी याने आणि पुढे १६२८ मध्ये साहिबदीन याने रंगविलेले संच प्रसिद्ध आहेत. कृष्णलीलेत रंगून जाणारे हे दोन्ही चित्रकार मुसलमान होते, हेही मुलांना जाता जाता सांगावे. त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

आता तोडी रागिणीचे चित्र घ्या. रानात एक तरुणी उभी आहे, तिच्या खांद्याशी वीणा आहे आणि भोवती हरणे जमली आहेत. तोडीच्या संस्कृत ध्यानश्लोकात, म्हणजे तिचे रूप वर्णन करणाऱ्या श्लोकात, तिची काया हिमासारखी, कुंदफुलासारखी शुभ्र सांगितली आहे. केशर-कापराची उटी लावलेली ही तरुणी वनात वीणा घेऊन हरणांना रिझवते. असे श्लोक किंवा ब्रजभाषेतील दोहे पुष्कळदा चित्राच्या माथ्यावरील पिवळ्या पट्टीत लिहिलेले असतात. मुलांना आधी पट्टी दाखवावी, तिचा अर्थ सोप्या मराठीत सांगावा आणि मग पाच मिनिटे काहीही न बोलता चित्र पाहू द्यावे. मुले प्रथम हरणे मोजतात. मग एखाद्याच्या ध्यानात येते की एका हरणाची मान वर उचललेली आहे आणि कान टवकारलेले आहेत. कुणी विचारते की या हरणांना भीती कशी वाटत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने देऊ नये, तोडीची एखादी आलापी लावावी. चित्रातला आवाज मुलांना तेव्हा सापडू लागतो, असा माझा कलाशिक्षिका म्हणून अनुभव आहे.

सुरुवात कोणत्या पानांनी करावी, हे मात्र विचारपूर्वक ठरवायला हवे. भैरवी आपल्याकडे मैफलीच्या शेवटी ऐकण्याची सवय आहे, पण रागमालेतली भैरवी शिवपूजेत मग्न असलेली स्त्री आहे आणि तिच्या हाती टाळ आहेत. भजनात टाळ धरलेल्या मुलांशी तिची ओळख लगेच जुळते. विभासच्या काही चित्रांत नायक पलंगावरून उठून फुलांच्या धनुष्याने छपरावरच्या कोंबड्यावर नेम धरतो, कारण कोंबडा आरवला की रात्र संपणार. ज्यांना सकाळी सातच्या शाळेसाठी उठवावे लागते, त्यांना या नायकाची बाजू समजावून सांगावी लागत नाही. देशाख रागिणीच्या पानावर तर चक्क कसरतपटू आहेत. त्यांतला एखादा खांबावर चढलेला असतो आणि त्याला पाहून मराठी मुलाला मल्लखांब आठवल्याशिवाय राहत नाही. संगीताच्या नावाखाली व्यायामशाळा कशी आली, याचे नवल मुलांइतकेच मलाही वाटत आले आहे. मेघ पावसाशी, हिंदोल वसंतातल्या झोक्याशी आणि दीपक ग्रीष्माच्या दाहाशी जोडलेला असल्याने ऋतूंचा धडा शिकवतानाही ही पाने उपयोगी पडतात. विरहाच्या आणि रुसव्याच्या चित्रांना काही शिक्षक बिचकतात, पण ती टाळण्याचे कारण नाही. रुसवा मुलांना कुणी शिकवावा लागत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. ‘हे चित्र म्हणजे या रागाच्या सुरांचे रंगरूप’ असे मुलांना सांगितले जाते, ते बरोबर नाही. चित्रकारासमोर बहुतेक वेळा काव्यातील ध्यान आणि आधीच्या संचांतून चालत आलेला साचा असे, सूरलिपी नव्हे. शिवाय गेल्या तीन-चार शतकांत रागांची रूपे बदलली आहेत. आज आपण मियाँ की तोडी म्हणून जे ऐकतो, तेच स्वर जुन्या तोडीचेही होते, असे गृहीत धरता येत नाही. राग-रागिणींची ही कुटुंबव्यवस्थाही संगीताच्या अभ्यासातून मागे पडली आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेले दहा थाट, म्हणजे स्वरांवरून केलेले रागांचे दहा वर्ग, रूढ झाले. म्हणून ‘कोमल ऋषभासाठी चित्रकाराने कोणता रंग वापरला?’ असे प्रश्न कार्यपत्रिकेत घालणे म्हणजे मुलांची दिशाभूल आहे. चित्र आणि राग शेजारी ठेवावेत, त्यांच्यात काय जुळते आणि काय जुळत नाही हे मुलांनी आपापले बोलावे, एवढे पुरे आहे.

हा विषय राजस्थानचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनेत रंगविलेली रागमालेची काही अप्रतिम पाने आज उपलब्ध आहेत आणि अनेक अभ्यासक त्यांचा संबंध अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीशी जोडतात. त्याच दरबारातील ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचे दालन आहे, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वाद्ये आहेत. आमच्या सातारा जिल्ह्यातील औंधला तर श्रीभवानी संग्रहालयात लघुचित्रे आहेत आणि त्याच गावात दरवर्षी शास्त्रीय संगीताचा महोत्सवही भरतो, परंतु सहलीच्या बस संग्रहालयापाशी थांबतात त्या तासाभरासाठी आणि मुले बघतात ती मुख्यतः एकमेकांच्या डब्यांत काय आहे ते.

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकला आणि संगीत असे दोन तास असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या दोन शिक्षकांची गाठ शिक्षककक्षातच पडते. एक मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी स्थिरचित्र आणि संकल्पचित्र घोटून घेण्यात गढलेला, दुसरा स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेची अन्य विषयांशी सांगड घालण्यावर भर आहे, पण एका कलेची दुसऱ्या कलेशी सांगड घालायला धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. महिन्यातून एकदा हे दोन तास एकत्र केले तरी पुष्कळ होईल. खर्चही फारसा नाही. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन आणि क्लीव्हलँडचे कलासंग्रहालय यांनी आपल्याकडील अनेक लघुचित्रांची मोठी, स्पष्ट छायाचित्रे संकेतस्थळांवर विनामूल्य खुली केली आहेत. ती प्रोजेक्टरवर दाखवता येतात. तरी शक्य असेल तर चांगल्या कागदावर मूळ आकारात छापून मुलांच्या हाती द्यावीत. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती, हातात धरून, एकेक पान उलटत पाहण्यासाठी होती. चार मुलांत एक पान दिले की डोकी आपोआप एकत्र येतात.

रंगवायचे असेल तर त्यानंतर जरूर रंगवावे, पण छापील रेषांत नव्हे. मुलांना आपल्या आवडीचे एखादे गाणे, आरती किंवा पावसाचा आवाज निवडू द्यावा, त्यातली व्यक्ती कोण, वेळ कोणती, सोबतीला कोणता प्राणी आहे हे ठरवू द्यावे, माथ्यावर पिवळी पट्टी सोडून तीत दोन ओळी लिहू द्याव्यात आणि मगच हाती ब्रश द्यावा.

आपल्या वृत्तपत्राच्या बालपुरवणीत दर पंधरवड्याला रागमालेचे एक पान, पट्टीवरील मजकुराचा सोपा मराठी अर्थ आणि त्या नावाचा राग आज ऐकण्यासाठी एखादा क्यूआर कोड छापता आला, तर ज्या शाळांना संग्रहालय दूर पडते तेथील शिक्षकांची मोठी सोय होईल. आरंभ आषाढात मेघ रागाने करावा, अशी माझी सूचना आहे.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, सातारा