पंढरपूर तालुक्याचे चार भाग आणि येणारी मतदारसंघ पुनर्रचना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आगामी जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा जाहीर झाल्यापासून मतदारसंघांच्या पुनर्रचनेची, म्हणजे जनगणनेच्या आकड्यांवरून त्यांच्या जागा व सीमा नव्याने ठरवण्याची चर्चा वृत्तपत्रांतून पुन्हा सुरू झाली आहे. उत्तरेच्या जागा किती वाढणार आणि दक्षिणेच्या वाट्याला काय येणार, यावरच त्या चर्चेचा भर आहे. तो प्रश्न मोठा आहे हे मान्यच. पण मागच्या पुनर्रचनेने सोलापूर जिल्ह्याचे नेमके काय केले, याचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही. पुढचा कच्चा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती नोंदवायला आपल्याकडे मोजके दिवस असतील, म्हणून तो आताच मांडावा असे वाटते.

सोलापूरचा लोकसभा मतदारसंघ १९५२ मध्ये द्विसदस्यीय होता. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोन खासदार त्या एकाच मतदारसंघातून निवडून गेले होते. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ बंद झाले आणि त्यानंतर सोलापूर खुला, पंढरपूर अनुसूचित जातींसाठी राखीव, अशी मांडणी अनेक दशके टिकली. पंढरपूरमधून संदिपान थोरात वर्षानुवर्षे निवडून येत राहिले आणि १९९९ व २००४ मध्ये रामदास आठवले निवडून आले. सुशीलकुमार शिंदे १९९८ आणि १९९९ मध्ये सोलापूरमधून लोकसभेत गेले तेव्हा ती जागा खुली होती, हे आजच्या तरुण मतदारांना सांगावे लागते. २००८ च्या पुनर्रचनेने पंढरपूरचा लोकसभा मतदारसंघच नाहीसा केला, राखीव जागा सोलापूरला आणली आणि पश्चिमेकडे माढा नावाचा नवा खुला मतदारसंघ तयार केला, ज्यात साताऱ्याचे फलटण आणि माणही आले. २००९ मध्ये आठवले शिर्डीला गेले व पराभूत झाले, तर शरद पवार बारामती सोडून माढ्यातून उभे राहिले आणि जिंकले. बार्शी तालुका उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या लोकसभा मतदारसंघात आहे. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण बार्शीची बाजारपेठ आणि सोयरसंबंध त्या बाजूला पूर्वीपासून आहेत. तरीही एका जिल्ह्याचे मतदार तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेले आहेत, ही वस्तुस्थिती राहतेच.

विधानसभेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पुनर्रचनेपूर्वी जिल्ह्यात १३ जागा होत्या, त्या ११ झाल्या. उत्तर सोलापूर आणि मंगळवेढा हे दोन्ही राखीव मतदारसंघ रद्द झाले आणि शहर दक्षिणच्या जागी शहर मध्य आला. यामागे कोणाचा तरी कट होता, असे अजूनही बोलले जाते. आकडे पाहिले की तसे दिसत नाही. जुन्या जागा ज्यावरून ठरल्या त्या १९७१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेबावीस लाखांच्या आसपास होती आणि राज्याची सुमारे ५ कोटी ४ लाख. २८८ जागांच्या विधानसभेत त्या प्रमाणात जिल्ह्याचा वाटा १३ च्या जवळ येतो. २००८ च्या पुनर्रचनेला आधार असलेल्या २००१ च्या जनगणनेत जिल्हा साडेअडतीस लाखांवर गेला खरा, पण राज्य ९ कोटी ६८ लाखांवर गेले होते, त्यामुळे वाटा साडेअकराच्याही खाली आला. त्याच पुनर्रचनेत अविभाजित ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. गिरण्या बंद पडल्यावर पुणे-मुंबईकडे गेलेली आपलीच माणसे जनगणनेत तिकडे मोजली गेली, हेही या आकड्यांत कुठेतरी आहेच. २०११ च्या आकड्यांनी हिशेब केला तरी २८८ मधील आपला वाटा ११ च्याच आसपास राहतो. जागा कमी झाल्या याबद्दल रडण्यात त्यामुळे अर्थ नाही. माझा आक्षेप उरलेल्या ११ जागांच्या सीमा ज्या रीतीने आखल्या गेल्या, त्या रीतीला आहे.

पंढरपूर तालुक्याचेच पाहा. पंढरपूर शहर आणि भोवतालची गावे मंगळवेढा तालुक्याला जोडून पंढरपूर मतदारसंघ झाला. करकंब भागातील ४२ गावे माढ्यात गेली, पुळुज बाजूची १७ गावे मोहोळमध्ये आणि भाळवणीचे महसूल मंडल, म्हणजे तिथला गावांचा महसुली गट, सांगोल्यात. एका तालुक्याचे चार विधानसभा मतदारसंघ झाले, त्यांतील दोन सोलापूर लोकसभेत आणि दोन माढा लोकसभेत. असे का झाले असावे, याचा माग काढला तर एक साखळी दिसते. करमाळा तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या घरात, म्हणजे सरासरी मतदारसंघापेक्षा बरीच कमी, म्हणून माढा तालुक्यातील कुर्डुवाडीसह ३६ गावे करमाळ्याला दिली गेली. सव्वातीन लाखांच्या माढ्यातून ती गेल्यावर माढ्याला तूट आली, ती पंढरपूरच्या ४२ आणि माळशिरसच्या १४ गावांनी भरून निघाली. मोहोळला उत्तर सोलापूरच्या २४ गावांची भर पडली, तरी पंढरपूरची १७ लागलीच. मग पंढरपूरला जी तूट आली ती अख्खा मंगळवेढा जोडून भरली. उसनवारीची ही मालिका जिथे संपली, तिथे संतांची भूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंगळवेढ्याचे नाव विधानसभेच्या यादीतून गेले होते.

आता यातली गंमत पाहा. २०११ मध्ये पंढरपूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ४२ हजार होती आणि जिल्ह्यातील एका मतदारसंघाची सरासरी सुमारे ३ लाख ९२ हजार. म्हणजे हा तालुका एकट्याने एका मतदारसंघाला पुरून थोडा उरतो. एखादे मंडल शेजारी दिले असते तर हिशेब बसला असता. तीनदा कात्री लावण्याची गरज लोकसंख्येने निर्माण केलेली नव्हती. अर्थात पंढरपूर अखंड ठेवायचे म्हटले तर दोन लाखांच्या मंगळवेढ्याला दुसरा जोडीदार शोधावा लागतो आणि कोणता तरी दुसरा तालुका कापावा लागतो, हे मी नाकारत नाही. पण कापायचेच तर प्रत्येक तालुका एकदाच कापला जावा, एकाच्याच वाट्याला सगळे वार येऊ नयेत, एवढी अपेक्षा रास्त आहे. पुनर्रचनेच्या, म्हणजे परिसीमन कायद्यातही भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय यांकडे लक्ष द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

लोकांची सोय म्हणजे काय, हे करकंबच्या शेतकऱ्याला विचारावे. त्याचा सातबारा, फेरफार आणि रेशनकार्ड पंढरपूरच्या तहसील कार्यालयात, पाणंद रस्त्याचा अर्ज पंढरपूरच्या पंचायत समितीत, त्याचा आमदार मात्र माढ्याचा आणि खासदारही माढ्याचा. त्याच्या शेजारच्या तालुक्यात याहून विचित्र प्रकार आहे. माढा पंचायत समितीचे कार्यालय कुर्डुवाडीत आहे, आणि कुर्डुवाडी विधानसभेसाठी करमाळा मतदारसंघात मोडते. पंचायत समितीच्या वार्षिक आमसभेचे अध्यक्षपद आमदाराकडे असते. पंढरपूर तालुक्यात ती आमसभा खरोखरच घ्यायची तर व्यासपीठावर चार आमदारांच्या खुर्च्या मांडाव्या लागतील, आणि उत्तर कोणी द्यायचे हे आधी ठरवावे लागेल. मोठ्या मतदारसंघाच्या टोकाला पडलेल्या गावांकडे दुर्लक्ष होण्याचा अनुभव जुनाच आहे. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील ३५ दुष्काळी गावांचा पाणीप्रश्न प्रत्येक निवडणुकीत निघतो. तालुक्याला स्वतःचा आमदार असता तर तो सुटलाच असता, असा माझा दावा नाही. पण जबाब कोणाला विचारायचा, हे तरी निर्विवाद राहिले असते.

राखीव जागांविषयी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या विषयावर लिहिणाऱ्याचा रोख आरक्षणावर आहे, असा समज लगेच होतो. आरक्षण घटनेने दिलेले आहे आणि राखीव जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात, असे कायदा सांगतो. त्या फिरतात ही नवी गोष्ट नाही. १९७४ च्या पोटनिवडणुकीत सुशीलकुमार शिंदे प्रथम विधानसभेत गेले ते तेव्हा राखीव असलेल्या करमाळ्यातून. २००८ मध्ये राखीव झालेल्या माळशिरसमुळे १९८० पासून तिथले आमदार असलेल्या विजयसिंह मोहिते-पाटलांना पंढरपूर गाठावे लागले आणि २००९ मध्ये भारत भालके यांच्याकडून पराभव पत्करावा लागला. मोहोळ राखीव झाल्यावर तिथे मंगळवेढ्याचे माजी आमदार लक्ष्मण ढोबळे निवडून आले. गढी हलली म्हणून कोणाला दुःख झाले असेल, मला झाले नाही. उलट दशकानुदशके एकाच घराभोवती फिरणाऱ्या मतदारसंघांत नवे चेहरे आले, हा त्या पुनर्रचनेचा चांगला भाग होता.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. पहिली लोकप्रतिनिधींना. मागील वेळी पुनर्रचना करणाऱ्या न्या. कुलदीप सिंग आयोगासोबत प्रत्येक राज्यातील पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून होते. पुढच्या आयोगातही अशी तरतूद राहिली, तर आपला जिल्हा नकाशावर अखंड तालुक्यांचा दिसावा, तालुका फोडावाच लागला तर एकाच शेजाऱ्याला द्यावा, आणि ज्या गावात पंचायत समिती आहे ते गाव तरी तालुक्याबाहेर जाऊ नये, हे त्यांनी पहिल्या बैठकीतच मांडावे. दुसरी ग्रामपंचायतींना. करकंब, भाळवणी, पुळुज, कुर्डुवाडी या भागांतील ग्रामपंचायतींनी ग्रामसभेचे ठराव तयार ठेवावेत, कारण कच्च्या आराखड्यावरील जाहीर सुनावणी ही प्रत्यक्षात एकमेव संधी असते. अंतिम आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर न्यायालयात दाद मागण्याची वाट कायद्याने जवळजवळ बंद केलेली आहे. २००८ ची अधिसूचना १९ फेब्रुवारीला निघाली, तेव्हा आपल्याकडील अनेक गावांना आपला मतदारसंघ बदलल्याचे पुढच्या वर्षीच्या प्रचाराच्या गाड्या आल्यावरच उमगले.

आणि आपल्या दैनिकाने जमल्यास जिल्ह्याचा महसूल मंडलनिहाय नकाशा, सध्याच्या अकरा मतदारसंघांच्या सीमांसह, एखाद्या रविवारच्या अंकात छापावा. कोणते मंडल कोणत्या मतदारसंघात आहे, हे एका नजरेत दिसले तर ठराव लिहिणाऱ्या ग्रामसेवकांचे निम्मे काम होईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर