ओट्यापाशी केलेली प्रार्थना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. दोघंही ख्रिस्ती, दोघंही नोकरी करणारे. श्रद्धेविषयी बोलायला व्यासपीठच लागतं असा पुष्कळांचा समज असतो, म्हणून हे पत्र.

रात्री भांडी घासून झाली की आम्ही ओट्यापाशीच उभं राहून प्रार्थना करतो. एकदा त्याआधी आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी तोंड फिरवून बसले होते. नवऱ्याने ओले हात पुसले, "माझंच चुकलं," म्हणाला आणि मग डोळे मिटले. नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू डबा परत द्यायला दारात उभ्या होत्या! दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "रोज अशी माफी मागता का गं?" त्यांनी विचारलं तेवढंच मी सांगितलं. आग्रह नाही, उपदेश नाही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातही आशेचं कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायला सांगितलंय (3:15).

बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातलं (अध्याय 18) अक्विल्ला-प्रिस्किल्ला हे जोडपं मला फार जवळचं वाटतं. तंबू बनवून पोट भरणारी माणसं ती. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरात त्यांच्याच घरी राहिला, त्यांच्याबरोबर राबला. पुढे इफिस शहरात अपुल्लोससारख्या विद्वानाला त्यांनी जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. दोघांनी मिळून, हे मला महत्त्वाचं वाटतं.

काल काकूंनी नातवाच्या परीक्षेसाठी प्रार्थना कराल का, असं विचारलं. रात्री ओट्यापाशी आम्ही त्याचं नाव घेतलं.

आपली,
एक वाचक