कुलाब्याच्या वेधशाळेतली आपली माणसे कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कुलाबा वेधशाळेवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. पण १८२६ पासूनची ती जुनी वास्तू, तिच्यावर अख्खे पान, आणि त्यात एकही मराठी नाव नाही, याचा राग कालपासून गेलेला नाही.

बाळशास्त्री जांभेकरांनी या वेधशाळेचे प्रमुखपद सांभाळले होते. 'दर्पण'कार बाळशास्त्री! दर ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करता, त्यांच्या तसबिरीला हार घालता, फोटोही छापता. ते जिथे काम करत होते त्या जागेबद्दल लिहिताना ते आठवू नयेत? आणि केरूनाना छत्रे? अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १८२५ चा. १८४० मध्ये, मिसरूड फुटायच्या वयात, ५० रुपये पगारावर तिथे लागले आणि दहाएक वर्षे राहिले. पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच.

लेखातले 'ट्राममुळे वेधशाळा अलिबागला गेली' हेही चूक. गेली ती फक्त चुंबकीय, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाची, निरीक्षणे. विजेच्या ट्रामने चुंबकाच्या नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला लोखंड टाळून, पोरबंदरी दगडात वेगळी इमारत उभी राहिली. वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख नानाभाई मूस यांनी दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, म्हणून ती जुनी मालिका तुटली नाही. पावसापाण्याच्या नोंदी कुलाब्यातच राहिल्या, आजही तिथेच होतात.

हे मला घरातून ठाऊक आहे. माझे वडील, आमचे दादा, तिथे निरीक्षक होते. ५ जुलै १९७४ च्या सकाळी कुलाब्यात २४ तासांचा पाऊस भरला ५७५.६ मिलिमीटर. दादा त्या रात्री ड्युटीवर होते. मापाचा ग्लास भरायचा, आकडा लिहायचा, पाणी ओतायचे, पुन्हा भरायचा. मोजणी चुकू नये म्हणून मोठ्याने मोजत होतो, असे सांगायचे. दुपारी घरी आले तेव्हा बोटे पांढरीफटक, सुरकुतलेली. आईने आंघोळीला पाणी काढले होते, पण त्यांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाच तारखेच्या चौकोनात तो आकडा लिहिला. ते पान माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आकडा चुकीचा आला. दादांनी पोस्टकार्ड टाकले. दुरुस्ती छापून आली नाही. निवृत्तीनंतरही ते त्या पोस्टकार्डाचा विषय काढत आणि गप्प होत.

म्हणून माझे हे पत्र तरी छापा, आणि बाळशास्त्री व केरूनानांची नावे चौकटीत द्या.

पावसाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपण 'मुंबईत इतके मिलिमीटर पाऊस' असे छापता. कुठल्या मुंबईत? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच वेळी कुलाब्यात जेमतेम ७३. शिवाय आपण छापता तो आकडा सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो, तेही कुठे लिहिलेले नसते. पावसाळा तोंडावर आला आहे. यंदा आकड्याशेजारी केंद्राचे नाव आणि वेळ, एवढ्याला एक ओळही जास्त लागणार नाही.

आपली,
एक जुनी वाचक, गिरगाव