गाडी ती गाडीच

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

विमानतळावर आईसमोर काही बोललो नाही. मदत संस्थेच्या कैरोतल्या गोदामातच काम, पुढे गाझात जाणार नाही, हे तू तिला पुन्हा पुन्हा सांगत होतीस. मला एकदाही सांगितलं नाहीस. म्हणून हे लिहितोय, नाहीतर मी कुठला पत्र लिहिणारा.

तो विषय काढणार नाही. कामाचं बोलू.

किलोला दहा पानं हा हिशेब तुला पाठ आहे. पण तो लग्नाचा. उपाशी माणसाला दहाची सात धर. मीठ-तिखट मापाच्या पटीत वाढवू नकोस, अर्ध्यावर थांबून चव बघ. भात एकतर चटका बसेल इतका गरम ठेव, नाहीतर परातीत पसरून वाफ काढ. कोमट भरून झाकण लावलंस तर संध्याकाळपर्यंत वास येतो आणि आधीच खचलेली माणसं आजारी पडतात. आणि तिथल्या बायकांना विचारल्याशिवाय काही शिजवू नकोस. 2010 च्या भूकंपानंतर होसे आंद्रेस हैतीत घेवडा शिजवत होता, तर बायकांनी त्याला सांगितलं, आम्ही असा खात नाही, घोटून गाळून कर. एवढा मोठा शेफ, पण ऐकलं त्याने. तू हॉटेलातली सजावट काढत बसू नकोस. झालं माझं भाषण सुरू. माफ कर.

2005 ची 26 जुलै आठवते का गं? सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, ते सगळेच सांगतात. आपण परळच्या हॉलवर होतो, एका आजोबांच्या पंचाहत्तरीचं जेवण तयार आणि पाहुणे ठाण्यालाच अडकलेले. हिंदमाताकडून माणसं पाण्यातून चालत यायला लागली. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबी. एक बाई, बँकेतली असावी, पदर पिळत दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ताटाचे किती? मी म्हटलं, त्या आजोबांना विचारा. आजोबा सोवळं नेसून जिलेबी वाढत होते! तू द्रोण वाटत होतीस. रात्री परत भात टाकला, आचेवरून पहिला टोप उतरायच्या आत दुसऱ्याचे तांदूळ धुतले. तू बाकड्याखाली झोपलीस, उठवलं तर रडलीस, मला अजून वाढायचंय म्हणून.

ते कुठून आलं मला माहीत आहे. 82 च्या संपात आजीने खानावळीतल्या एकाही गिरणी कामगाराचं खातं बंद केलं नाही. वही माळ्यावर आहे, निम्मी बाकी तशीच. सावंत परवा म्हणाले, शिकूनसवरून मुलगी जेवणच करणार का? मी त्यांना चहा दिला नाही.

पण होसे आंद्रेसच्याच वर्ल्ड सेंट्रल किचन संस्थेच्या त्या सात जणांनीही जेवूच घातलं होतं, मुग्धा. 1 एप्रिल 2024. गाझातल्या देर अल-बलाहच्या गोदामात शंभर टनांहून जास्त अन्न उतरवून निघाले होते. रस्ता इस्रायली सैन्याला आधी कळवलेला, गाडीच्या छपरावर संस्थेचं चिन्ह. रात्री वरून ते दिसलं नाही म्हणे. एका गाडीवर मारा झाला, मग दुसरीवर, मग तिसरीवर. सातही जण गेले. सैन्याने नंतर चूक झाली म्हणून सांगितलं. तुझी संस्था वेगळी, हे मला कळतं. पण गाडी ती गाडीच.

विषय काढणार नव्हतो.

जाऊ नको असं मी म्हणणार नाही, आईने म्हणून झालंय. पुढे जायचं ठरलं तर निघायच्या आधी कळव, पोचल्यावर नको. गाडी कुठली, बरोबर कोण, परत कधी, सगळं लिही. आईला दाखवणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. लसणाची चटणी निळ्या पिशवीत आहे. नंदूचा साखरपुडा पुढे गेला. तुझ्यामुळे नाही, हॉल मिळेना.