तिसऱ्या भागात पुन्हा बाप्यांना घाबरवा

महोदय,

‘स्त्री’ या हिंदी भुताच्या विनोदी सिनेमाचा तिसरा भाग येणार असल्याचं वाचलं, म्हणून हे पत्र. दुसऱ्या भागात भीती फार आणि हसू कमी, अशी कुरकुर आमच्या भिशीत अजून चालते. मला विचाराल तर खरी गडबड वेगळीच आहे. घाबरायचं कोणी, तेच बदललं.

२०१८च्या पहिल्या भागात ‘स्त्री’ नावाच्या भुताला भिऊन चंदेरी गावातले पुरुष रात्री घराबाहेर पडायला टरकत. भिंतीवर ‘ओ स्त्री कल आना’ लिहायचं, मागून नाव घेऊन हाक आली तरी वळायचं नाही. (आम्हा बेळगावकरांना ही गोष्ट ऐकून ठाऊक, नव्वदच्या दशकात बेंगळुरूकडे लोक दारावर ‘नाळे बा’, म्हणजे कन्नडमध्ये ‘उद्या ये’, लिहीत.) उचलून नेलेल्या बाप्याचे कपडे तेवढे मागे उरायचे. आम्ही बायका पोट धरून हसलो. दिवेलागणीच्या आत घरी ये, एकटी जाऊ नकोस, हे जन्मभर आम्ही ऐकलं; इथे ते गड्यांना ऐकावं लागत होतं. भीती नि हसू एकाच हंड्यात शिजलं होतं.

२०२४मध्ये, दुसऱ्या भागात, सरकटा हे मुंडकं तुटलेलं भूत आलं. ते उचलतं पोरींना, त्याही शिकलेल्या, आपल्या मताने जगणाऱ्या. नायकाचा मित्र बिट्टू, त्याची मैत्रीण चिट्टीसुद्धा जाते. यावर हसायचं कसं? मग सगळा विनोद जना, बिट्टू, रुद्रभैया यांच्या बडबडीवर येऊन पडतो. रुद्रभैया झालेले पंकज त्रिपाठी तो ओढतात बिचारे, पण सरकट्याचं मुंडकं आलं की थिएटर चिडीचूप. सरकट्यासाठी जम्मूचे साडेसात फुटी पोलीस सुनील कुमार घेतले, ते नुसते उभे राहिले तरी छातीत धस्स होतं. संगणकावरचं उडतं मुंडकं मात्र फक्त दचकवतं, तेही आवाजाच्या जोरावर.

माझ्या सात वर्षांच्या नातीने मध्यंतराआधीच पॉपकॉर्नचा रिकामा डबा तोंडावर ओढून घेतला होता. तेव्हा सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘यूए’, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघावा, एवढंच असायचं. आता त्यात ७, १३ आणि १६ वर्षं असे गट झालेत, हे बरं झालं. थिएटरवाल्यांनी तो आकडा तिकीट खिडकीवर लांबून दिसेल एवढा लावावा. पोस्टरवर हसणारे चेहरे बघून आम्ही नातवंडांना घेऊन जातो.

आणि लेखकांना विनंती, बायकांना पळवून झालं. आता पुन्हा बाप्यांकडे वळा.

— एक आजी, शहापूर, बेळगाव