कुंकवाखालची ओळ

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घालायचं नाही, ही तुमचीच अट. "नाव छापलंत तर उद्यापासून माझ्या ओट्यावर रांग लागेल," असं तुम्ही दारात उभ्या राहून बजावलं होतं. खरंच आहे ते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि तेव्हापासून मोडी लिपी वाचणाऱ्या माणसाला दळणाच्या गिरणीइतकं गिऱ्हाईक आहे. म्हणून नुसतं 'बाई'. शाळेत तुम्हाला सगळे हेच म्हणत असणार.

आभार तोंडी मानायला गेलो की तुम्ही चहा टाकायला उठता. म्हणून हे उघड पत्र. थोडं लांबेल.

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आमचा मूळपुरुष सिन्नरकडून एकटा निघाला, तापी ओलांडली, थाळनेरच्या वर सातपुड्याच्या अंगाला आला. तिथं चिटपाखरू नव्हतं. नुसतं रान आणि वाघ. गोऱ्या साहेबानं त्याला घोड्यावर बसवलं आणि म्हणाला, दिवस मावळेपर्यंत घोडा जिथवर जाईल तेवढी जमीन तुझी. माझी आजी अहिराणीत एका वाक्यात आटपायची: "आपला आजानी जंगल तोडीसन गाव वसाडं." या गोष्टीचा पुरावा म्हणून देवघरात पितळी नळीत दोन कागद होते. दसऱ्याला नळी उघडायची, कागद पाटावर ठेवायचे, हळदकुंकू वाहायचं, पुन्हा गुंडाळून आत. वाचायचं कोणी नाही.

तुमच्याकडे ते पहिल्यांदा आणले तो दिवस आठवतोय ना? एका कागदाला माझ्या चुलतभावानं प्रेमापोटी लॅमिनेशन करून आणलं होतं. तुम्ही तो हातात घेतलात आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. मग म्हणालात, "आता हा श्वास घेणार नाही." दुसऱ्यावर शंभर वर्षांच्या कुंकवाचा थर. त्यावर मात्र तुम्ही चांगल्याच रागावलात. देवाची पूजा करा, कागदाची कशाला करता? भावाचा चेहरा पडला होता. त्याला तेव्हापासून घरात सगळे 'प्लास्टिकवाले' म्हणतात, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आजोबांना मोडी येत होती. त्यांनी पन्नासच्या दशकात वहीत बाळबोध, म्हणजे देवनागरी, नक्कल उतरवून ठेवली होती आणि तीच आम्ही सगळे आधार म्हणून धरत होतो. तिच्यात 'सन १२३६' असं होतं. माझ्या पुतण्यानं लगेच जाहीर करून टाकलं की आपण देवगिरीच्या यादवांपासूनचे. शिवाय 'सबा अशरीन मयातैन व अलफ' असं काहीतरी होतं. तात्यांच्या मते ही चार साक्षीदारांची नावं होती. मुसलमान साक्षीदार, थाळनेर किल्ल्यातले.

तुम्ही हसला नाहीत, हे मी विसरणार नाही. आजोबांच्या वहीच्या समासात पेन्सिलीनं मांडून दाखवलंत. सबा म्हणजे सात, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना, त्याचं १२२७. त्यात ५९९ मिळवले की १८२६. आणि १२३६ हा फसली, म्हणजे महसुलाचा, सन, त्यात ५९० मिळवले तरी १८२६. दोन्ही वर्षं मृगाला सुरू होणारी, म्हणजे १८२६-२७. दोन वाटांनी जाऊन एकाच गावाला पोचल्यासारखं वाटलं. यादव गेले, साक्षीदार गेले आणि एका पावसाळ्याचा पत्ता लागला.

त्या काळाचं खानदेश तुम्ही ज्या पद्धतीनं समजावलंत, तसं आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. होळकरांच्या फौजांनी १८०२ मध्ये केलेली नासाडी, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांचा सुळसुळाट, गावंच्या गावं उठलेली. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉपनं थाळनेर घेतलं, किल्लेदाराला फासावर दिलं. मग इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज कारभार बघायला आला. सरकारला सारा हवा, सारा हवा तर नांगर हवा, आणि नांगर धरायला माणूस हवा. म्हणून कौल, म्हणजे जमीन कसायला देण्याचा सरकारचा लेखी करार; आमचा कागद तसाच एक कौल. बाहेरून या, पडीक मोडा, पहिली वर्षं नाममात्र द्या, मग दरसाल थोडं थोडं वाढवत पूर्ण आकारावर या. यालाच इस्तावा म्हणतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. विहिरीला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळायची तीही परत करायची. घोडा कुठंच नाही. आमच्या मूळपुरुषानं जमीन घोड्यावर बसून मिळवली नाही, हप्त्यानं मिळवली.

आणि एकट्यानं नाही. कौलात तीन नावं आहेत. बाकीच्या दोघांचं पुढं काय झालं हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं, कारण ते होते हेच माहीत नव्हतं.

त्या दोघांना शोधण्यासाठी तुम्ही मला कामाला लावलंत. त्या आधीचे सहा महिने मी एका कचेरीत "जुना सातबारा द्या" म्हणून चकरा मारत होतो आणि रेकॉर्ड फाटलंय, पुढच्या आठवड्यात या, एवढंच ऐकत होतो. तुम्ही कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलंत की मागायचं काय. सातबारावर आज असतो तो गट नंबर. १९४७ च्या कायद्यानंतर एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर मोडून गट पाडले. म्हणून आधी एकत्रीकरणाचा उतारा काढायचा, त्यावरून सर्व्हे नंबर. मग फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, उलटे वाचत कडई पत्रक या जुन्या जमीन-नोंदीपर्यंत मागं जायचं. त्याच्याही मागं पहिल्या मोजणीचं शेतवार पत्रक आणि टिपण. हे कागद नावानिशी मागितले तेव्हा त्याच कचेरीतल्या त्याच माणसानं तिसऱ्या दिवशी गठ्ठा काढून दिला. फाटका नव्हता. धूळ मात्र इतकी की मी आठवडाभर शिंकत होतो.

पहिली मोजणी म्हटल्यावर तात्यांनी आणखी एक गोष्ट काढली. साहेबाची जमीन मोजायची साखळी आमच्या खापरपणजोबांनी तोडली म्हणे. १८५२ ला खानदेशात मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा-फैजपूरकडे रयत उठली होती, हे खरं, असं तुम्ही सांगितलंत. पण आमच्यापैकी कोणी त्यात होतं असं एकाही कागदात दिसत नाही, हेही तितक्याच थंडपणे सांगितलंत. तात्या अजून थोडे नाराज आहेत. साखळी तोडणारा पूर्वज हातचा गेला म्हणजे वाईट वाटतंच.

शेतवार पत्रकात तिघांपैकी एकाचा वंश सापडला, पुढच्या पिढीत जमीन दुसऱ्याच्या नावावर चढलेली. तिसरा कुठंच नाही. तो मेला, परत गेला की पुढं सरकला, कागद बोलत नाही.

बायकांचं मात्र तुम्ही बोललात. आमची वंशावळ तुम्हाला दाखवली, चांगली फ्लेक्सवर छापलेली, वडासारखी. तुम्ही विचारलंत, "या झाडाला फक्त पुरुषच लागतात का?" मग कोतवाल बुकात बसायला लावलंत, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींच्या, नमुना १४ च्या जुन्या वह्यांत. जन्माच्या रकान्यात नुसतं 'मुलगी', नाव नाही, चार ठिकाणी. मरणाच्या रकान्यात 'ताप'. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे पाठवलंत ते त्यासाठीच. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि अर्ध्या तासात यजमानांच्या वंशावळीचा चोपडा समोर. आमच्यातलाच कोणी अस्थी घेऊन आला होता. मूळ गाव सिन्नरकडचं, हल्ली वस्ती खानदेश, भाऊ, मुलगे, आणि मातोश्रींचं नाव. म्हणजे मूळपुरुषाची बायको. दीडशे वर्षं घरात न उच्चारलेलं नाव. ते मी इथं लिहीत नाही. पुतण्याच्या घरी दिवाळीनंतर पाळणा हलणार आहे, मुलगी झाली तर तेच ठेवायचं ठरलंय. मुलगा झाला तर काय, यावर भांडणं चालू आहेत.

पण बाई, हे पत्र यातल्या कशासाठीही नाही. ते कुंकवाखालच्या ओळीसाठी आहे.

तुम्ही तो कागद तीन आठवडे ठेवून घेतलात. मऊ कुंचल्यानं रोज थोडं थोडं झाडत होतात म्हणे. मग एका रविवारी फोन आला, "या. एकटे आलात तरी चालेल." त्या शेवटच्या चार शब्दांनी मी घाबरलो होतो. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि बोट ठेवलंत. कौलाच्या अटींमध्ये, चतुःसीमेच्या आधी, एक अट होती. गावचा भिल्ल नाईक, त्याच्या जागलकीचा, म्हणजे राखणीचा, हक्क पूर्वीपासून चालत आला आहे तसाच नव्या लोकांनी चालवावा.

मला आधी काही समजलंच नाही. तुम्ही 'पूर्वीपासून' या शब्दावर पुन्हा बोट ठेवलंत. म्हणजे गाव ओसाड होतं ते सरकारच्या हिशेबात. सारा भरणारं कोणी नव्हतं. माणूस होता. त्याच्याकडे गावाची राखण होती, राखणीचा हक्क होता आणि त्याला नाव होतं. आमची आजी ज्याला नुसतं जंगल म्हणायची, त्याला कोणीतरी गाव म्हणत होतं. १८२५ ला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली, नाईकांना कुठं दंडुका तर कुठं नेमणूक, अशा दिवसांत हा कागद झालाय, हेही तुम्ही सांगितलंत. म्हणजे ती अट कोणाच्या मनाचा मोठेपणा म्हणून आली असेल असं समजायला नको.

मग आजोबांची वही उघडलीत. बरोबर त्या जागी त्यांनी टिंबं टिंबं दिली होती. बाकी सगळी नक्कल चोख, वेलांटी सुटलेली नाही, आणि इथं दीड ओळ टिंबं. मी विचारलं, कुंकवामुळं वाचता आलं नसेल, की वाचून गाळलं असेल? तुम्ही भिंग पुसत म्हणालात, "ते तुमच्या आजोबांना विचारायला हवं होतं. मला कसं कळणार?"

मला तेव्हा तुमचा थोडा राग आला होता, खोटं कशाला सांगू? 'कुंकवामुळंच' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? आता त्या न दिलेल्या उत्तराबद्दलच जास्त आभार मानावेसे वाटतात. लोक तुमच्याकडे मोठा पूर्वज मागायला येतात आणि थोडं इकडचं तिकडं वाचून तो देणं तुम्हाला अगदी सोपं असतं. मोडीत काना-वेलांटीचा घोळ असतोच, कोण तपासणार?

घरी सांगितलं तेव्हा तात्यांचा पहिला प्रश्न: हा कागद बाहेर गेला तर जमिनीवर दावा लागेल का? तुम्हाला फोन केला. तुम्ही वकील नाही असं आधी सांगून मग सांगितलंत, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधल्या व्यवहारांचा आहे, १८२६ चा नाही. तात्या निवांत झाले. मला मात्र त्या निवांतपणाचीच लाज वाटली, आणि ती माझीही होती. प्रश्न तात्यांनी विचारला एवढंच.

आमच्या एका शेताला सगळे 'नाईकवावर' म्हणतात. आम्हाला वाटायचं कोणा नाईक आडनावाच्या माणसाकडून घेतलं असेल. ते वावर भिलाटीला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीला, लागून आहे. झेरॉक्स घेऊन मी भिलाटीत गेलो. पन्नास वर्षं त्या रस्त्यानं जातोय, आत जाऊन बसलो पहिल्यांदाच. तिथल्या नानांना ओळ वाचून दाखवली, तुम्ही लिहून दिलेल्या बाळबोधीतून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते आम्हले ठाऊकच शे. तुम्हनाकडे कागद शे, हाई ठाऊक नही व्हतं."

झेरॉक्स त्यांच्याकडेच राहिली. लॅमिनेशन करू नका एवढं सांगून आलो.

आता एक काम आहे, म्हणजे पुन्हा तुम्हालाच त्रास. नानांना त्या नाईकाच्या बापाचं नाव हवंय. त्यांच्याकडे मागच्या सहा पिढ्या तोंडपाठ आहेत, सातवी जुळते का बघायचंय. नाईकांच्या नेमणुकांच्या याद्या पुण्याच्या दप्तरात किंवा तुमच्या धुळ्यात राजवाडे मंडळात कुठं मिळतील का, तुम्हीच सांगू शकाल. येत्या रविवारी त्यांना घेऊन येतो. पैशांचं पाकीट आणणार नाही, मागच्या वेळचं परत केलंत ते लक्षात आहे. भरताची वांगी आणतो. नाना म्हणतात, या खेपेला त्यांच्या वाफ्यातली.

तुमचा,
पितळी नळीवाला