सिरपूरच्या पाळीवरून

इंदूर,
रविवार, रात्री

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

‘आपला सिरपूरचा तलाव अजून आहे, की तिथेही कॉलनी उठली?’ असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. ऐकीव माहितीवर उत्तर लिहिणे मला पटेना, म्हणून आज उजाडायच्या आत घरून निघालो, धार रोडने सिरपूर गाठले आणि चांगले तीन तास पाळीवर व झाडीत हिंडून आलो. तलाव आहे. नुसता आहे असे नव्हे, तर आपण सायकली टाकून जात होतो तेव्हापेक्षा त्याच्या काठी आज अधिक झाडी आहे, आणि हे तुला कधी एकदा लिहितो असे मला वाटेवरच झाले होते.

होळकरांच्या काळात हा तलाव शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला, हे तुझ्या आजोबांनीच आपल्याला सांगितले होते. पुढे १९३९ साली गंभीर नदीवर यशवंतसागर जलाशय झाला आणि १९७८ साली जलूदहून नर्मदा घाट चढून इंदुरात आली. तुमच्या वाड्यातल्या नळाला हळदकुंकू वाहून आजींनी नारळ फोडला होता, तो दिवस मला लख्ख आठवतो. शहराची तहान भागली, पण सिरपूरचे पाणी कुणाच्या हंड्यात पडेनासे झाले आणि त्याची राखणही सुटली. काठची झाडे तुटली, पाखरांची शिकार होऊ लागली, वस्त्यांचे सांडपाणी आत उतरले आणि कडेकडेने अतिक्रमण सरकत आले. तू नोकरीसाठी इंदूर सोडलेस तेव्हाचा तलाव हाच, त्यामुळे तुझी शंका अगदी रास्त होती.

तो वाचला त्याचे मोठे श्रेय आपल्याच मराठी माणसाला, भालू मोंढे यांना आहे. छायाचित्रणासाठी त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, हे तुला ठाऊक असेल. पण ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ ही संस्था उभी करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तलावासाठी वर्षानुवर्षे जी चिकाटी दाखवली, तिचे मोल मला त्या सन्मानाहून तसूभरही कमी वाटत नाही. २०२२ साली सिरपूर रामसर यादीत गेले, म्हणजे इराणमधल्या रामसर येथे १९७१ साली झालेल्या करारानुसार जगाने जपण्याजोगी पाणथळ जागा ठरले. त्याच वर्षी यशवंतसागरही त्या यादीत आला. पुढे २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. भारतातली ही पहिलीच दोन शहरे.

आता आजचे सांगतो. पाळीवर पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि आत कुठेतरी टिबुकलीची, त्या इवल्या पाणपाखराची, खिदळल्यासारखी शीळ चालू होती. धुके विरले तसे आधी वारकरी नावाचे पाणपक्षी दिसले. अंग काळेभोर, चोच पांढरी आणि कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा. हे नाव ज्याने ठेवले त्याची नजर किती नेमकी असेल! त्यांच्यापलीकडे हळदीकुंकू बदकांची जोडी होती आणि थापट्या बदकांचा थवा आपल्या रुंद चोची पाण्यावर टेकवून गाळ गाळत गोल गोल फिरत होता. पाण्यात उभ्या असलेल्या एका वठलेल्या बाभळीवर अकरा पाणकावळे पंख पसरून बसले होते. त्यांची पिसे भिजतात, म्हणूनच त्यांना खोल बुडी मारता येते आणि म्हणूनच नंतर असे वाळत बसावे लागते.

एक कमळपक्षी मात्र अगदी दहा हातांवर आला. मी करंजाच्या बुंध्याला टेकून श्वास रोखून उभा राहिलो. त्याची बोटे इतकी लांब, की प्रत्येक पावलाला चार पानांवर भार वाटला जात होता. पान किंचित खाली जाई, कडेने पाण्याची बारीक रेघ आत येई आणि पान बुडायच्या आत पाऊल उचललेले असे. मध्येच थांबून तो चोचीने पानाची कड उलटवी आणि खालचा किडा टिपी. पंधरावीस मिनिटे मी दुसरे काहीही पाहिले नाही.

हा तलाव पावसाळ्यात तुडुंब भरला तरी दोन मीटरांपेक्षा खोल होत नाही, आणि त्याचे वैभव या उथळपणातच आहे. बुडी मारणाऱ्या लालसरी बदकाला तळ सापडतो, वरवर चरणाऱ्या थापट्याला खाणे मिळते आणि हिवाळा सरताना पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या चिखलात लांब पायांचे शेकाटे पक्षी उतरतात. म्हणून काही लोक काठ दगडांनी बांधून काढा, फरशी घाला, कारंजी बसवा असे सुचवतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. फिरायला आणि नौकाविहाराला पिपल्यापाल्याचे उद्यान आहे, तिथे मीही नातवंडांना घेऊन आनंदाने जातो. सिरपूरला मात्र त्याचा चिखल, त्याच्या बाभळी आणि उतरता कच्चा काठ राहू द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सगळेच गोड आहे असेही नाही. एका कोपऱ्यात नाल्यातून फेसाळ, काळपट पाणी आत येताना मी पाहिले. तिथे बेशरमाच्या झुडपांची दाटी होती आणि पाखरू एकही नव्हते. तिथल्या रखवालदाराला दाखवले, तर तो म्हणाला, ‘‘साहेब, पावसाळ्यात याहून जास्त येतं.’’ याविषयी उद्याच अर्ज लिहायला घेतो.

त्यासाठी तुझ्याकडे एक काम आहे. शाळेत असताना दोन हिवाळे दर रविवारी आपण इथली बदके मोजून ज्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत मांडत होतो, ती तुझ्याच ट्रंकेत असणार. सापडली की तिच्या पानांचे फोटो काढून पाठव, आणि होळीच्या आत येणार असशील तर वहीच घेऊन ये. नाल्याच्या त्याच कोपऱ्यात आपण तेव्हा काय काय मोजले होते, ते मला अर्जात लिहायचे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र